विक्री झाली, मरम्मतीचे काय?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, या वेळी कापडाचा भाव, सूत आणि उधारी बाजूला ठेवून आम्ही आवाजाच्या मशीनविषयी लिहीत आहोत. महागडे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बनवणाऱ्या कंपन्या माल विकल्यानंतर गिऱ्हाइकाशी कशा वागतात, हा विषय वरवर शौकीन लोकांचा वाटेल. परंतु लाखभर रुपयांची वस्तू बंद पडते तेव्हा दुकानदारीचा खरा कस लागतो. आमच्या पदरचे पैसे आणि सात महिने खर्च होऊन हा धडा मिळाला. तो आपल्यापुढे मांडावासा वाटला.

आमचे कापडाचे दुकान सोमेश्वरनगरला आहे. इथला बाजार साखर कारखान्यावर चालतो. उसाचे बिल निघाले की बस्ते निघतात, बिल अडकले की आमचे गठ्ठेही बांधलेलेच राहतात. २०११ साली हंगाम बरा गेला आणि आम्ही आयुष्यातला एक शौक पुरा केला. मुंबईच्या एका मोठ्या शोरूममधून परदेशी बनावटीचा अ‍ॅम्प्लिफायर आणला. किंमत ९२ हजार, वजन २२ किलो. एवढ्या पैशात काय काय आले असते, याचा हिशेब घरच्यांनी महिनाभर ऐकवला. पण रात्री दुकान बंद करून त्याच्यावर कव्वाली लावली की तबल्याची थाप छातीत उमटायची आणि हिशेब विसरायला व्हायचे. आठ वर्षे त्याने कुरकुर केली नाही.

जून २०१९ मध्ये पहिल्या पावसात वीज गेली. तासाभराने आली ती झटका देऊनच. ‘खट्’ आवाज झाला, जळका वास आला आणि मशीन बंद. इथे एक कबुली द्यायला हवी. त्याचा स्टॅबिलायझर आम्हीच उन्हाळ्यात काढून फ्रिजला लावला होता. शेतीपंप चालू असताना आपल्या भागात व्होल्टेज कसे वरखाली होते हे ठाऊक असूनही लावला होता. मूळ खोकाही जागा अडते म्हणून केव्हाच रद्दीत दिलेला. तेव्हा मशीन गोधडीत गुंडाळली, गाडी केली आणि मुंबईला कंपनीच्या सेवा केंद्रात नेऊन दिली.

तिथे तपासणीचे अडीच हजार आधी भरून घेतले. दीड महिन्याने निरोप आला, मुख्य बोर्ड बदलावा लागेल, ४१ हजार. आम्ही विचारले, बोर्डावरचा कोणता भाग गेला? उत्तर असे की आम्ही भाग पाहत नाही, बोर्ड बदलतो. बरे, बदला. मग तीन महिने बोर्ड परदेशातून येत राहिला. शेवटी कळले की हे मॉडेल आधीच्या वितरकाने विकले होते, आता वितरक बदलला आहे आणि जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळणार नाही. सात महिन्यांनी मशीन परत आली ती तशीच बंद. वरच्या पत्र्यावर एक ओरखडा आणि मागचा एक स्क्रू गायब. तपासणीचे पैसे गेले ते गेलेच. फोनवरची मुलगी अदबीने म्हणाली, “सर, माल कंपनीचा आहे, आम्ही काय करणार?”

हे वाक्य आम्हाला झोंबले, आणि झोंबण्याचे कारण वेगळे होते. तीन वर्षांपूर्वी हेच वाक्य आम्ही आमच्या गल्ल्यावर बसून उच्चारले होते. निंबुतकडचे एक शेतकरी घरच्या सुनेसाठी नेलेली साडी घेऊन आले होते. पहिल्याच धुण्यात काठाचा रंग पदरावर उतरला होता. आम्ही साडी उलटीपालटी केली, गरम पाण्यात धुतली असेल म्हणालो आणि वर हे वाक्य ऐकवले. ते गृहस्थ भांडले नाहीत. साडी घडी करून पिशवीत ठेवली आणि निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न झाले आणि बस्ता फलटणला बांधला गेला. साडी होती साडेसातशेची. बस्ता केवढ्याचा झाला ते आम्ही कुणाला विचारले नाही, पण व्यापारी माणसाला अंदाज असतोच.

असो. बंद मशीन घरात ठेवून रोज तिचे तोंड पाहण्यापेक्षा आम्ही पुण्याला तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक सामानाचा हा जुना बाजार आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तिथून एका वयस्कर मिस्त्रींचा पत्ता मिळाला. माडीवरची एक खोली, एक टेबल, दोन मीटर आणि भिंतीला लावलेल्या डब्यांत सुटे भाग. त्यांनी पहिल्यांदा मशीनला हात लावला नाही. केव्हा बिघडली, आवाज कसा आला, वास आला का, दोन्ही बाजू बंद झाल्या की एक, असे हकिमासारखे विचारत राहिले. मग झाकण उघडून तासभर तपासले आणि कागदावर लिहून दिले: एका बाजूचे आउटपुट ट्रान्झिस्टर गेले आहेत, त्यांच्यासोबत दोन रेझिस्टन्स जळाले आहेत, रिलेच्या टोकांवर काजळी आहे. बोर्डाला काहीही झालेले नाही. खर्च साडेसहा हजारांच्या आत, मुदत बारा दिवस. जास्त लागले तर आधी फोन करीन.

अकराव्या दिवशी फोन आला. मशीन चालू झाली होती. जळालेले भाग त्यांनी एका पुडीत घालून आमच्या हातात दिले. काय बदलले, कोणत्या तारखेला बदलले याची चिठ्ठी झाकणाच्या आतून चिकटवली. हरवलेल्या स्क्रूच्या जागी त्याच मापाचा स्क्रू लावला आणि त्याचे पैसे लावले नाहीत. ही गोष्ट फेब्रुवारी २०२० ची, लॉकडाऊन लागण्याच्या महिनाभर आधीची.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. आमच्या कानाला दुरुस्तीपेक्षा ‘मरम्मत’ हा शब्द जवळचा, आणि मरम्मतीला ठेवलेली दुसऱ्याची चीज म्हणजे अमानत. मिस्त्रींच्या त्या पुडीकडे पाहून हा शब्द आठवला.

आता कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांना हे परवडत नाही. हे खरे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन इथे मॅकिंटॉश नावाची अ‍ॅम्प्लिफायर बनवणारी जुनी कंपनी आहे. १९६२ पासून जवळपास तीस वर्षे या कंपनीने दुकानादुकानांत तपासणी शिबिरे भरवली. डेव्ह ओ’ब्रायन नावाचे गृहस्थ मोजमापाची यंत्रे घेऊन गावोगाव फिरत. कोणीही आपला अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यावे, तो कोणत्याही कंपनीचा असो, तो फुकट तपासून त्याचा आलेख कागदावर काढून मालकाला दिला जाई. स्पर्धकाचा माल फुकट तपासून देण्यात काय हुशारी, असे प्रथम वाटते. पण दुकानात कोण आले? ज्यांच्याकडे आधीपासून अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि ज्यांना त्याची कदर आहे तेच आले. आपल्या मशीनचा आलेख त्यांनी स्वतः पाहिला. जाहिरातीला याहून जास्त काय हवे?

दुसरी कंपनी कॅनडाची, ब्रायस्टन. ती आपल्या अ‍ॅनालॉग अ‍ॅम्प्लिफायरना वीस वर्षांची हमी देते. मशीन एकाने दुसऱ्याला विकली तरी हमी मशीनबरोबर जाते. मात्र डिजिटल वस्तूंना हीच कंपनी बरीच कमी वर्षे देते. यातही प्रामाणिकपणा आहे. जे आपल्या हाताने नीट करता येते त्याची लांब हमी, जे दुसऱ्याच्या चिपवर अवलंबून आहे त्याची आखूड.

आणि एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या गावातली मशीद, शाळा, लग्नाचा मांडव पाहा. दिल्लीच्या अहुजा कंपनीचे अ‍ॅम्प्लिफायर आणि कर्णे सगळीकडे दिसतात. १९४० पासूनची ही कंपनी. तिच्या मालाला शौकीन लोक उच्च दर्जाचा म्हणणार नाहीत. पण कर्ण्याच्या युनिटचा डायफ्राम फाटला तर तो सुटा मिळतो, आणि तालुक्याचा मिस्त्री अर्ध्या तासात बसवून देतो. ९२ हजारांच्या मशीनला जे मिळाले नाही ते या साध्या कर्ण्याला मिळते. खेड्यापाड्यात या मालाचा पाय रोवला गेला त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे, असे आमचे मत आहे.

आपल्या घरांतला आणखी एक प्रकार सांगण्यासारखा आहे. आखातातून येणारे भाऊबंद पूर्वी टेपरेकॉर्डर आणि मोठे सेट आणत. सौदीत त्या काळी पुष्कळ घरांत १२७ व्होल्टचा पुरवठा असे. तिथला सेट इथल्या २३० व्होल्टला थेट जोडला की धूर. आजही अमेरिकेचा १२० किंवा जपानचा १०० व्होल्टचा माल स्वस्त मिळतो म्हणून लोक आणतात. त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि बहुतेक कंपन्यांची हमी ज्या देशात माल विकला त्या देशापुरतीच असते. बिल आणि मशीनमागचा नंबर यांचा फोटो काढून ठेवावा. अंदाजपत्रक लेखी घ्यावे. आणि खोका फेकू नये, हे आम्ही शिकलो.

कायद्याचेही थोडे. १९८६ च्या ग्राहक कायद्यात सामनेवाला जिथे असेल किंवा व्यवहार जिथे घडला तिथे तक्रार करावी लागे. आम्हाला मुंबईचे हेलपाटे परवडले नसते. २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. आता राहत्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आमच्या बाबतीत पुण्यात, दाद मागता येते. मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. हमी संपली असली तरी पैसे घेऊन महिनोन्‌महिने वस्तू अडकवून ठेवणे ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या साधनाला लागतो. मांडवाचा साउंड स्वतः चालवणाऱ्या आणि एका शिलाई मशीनवर घर चालवणाऱ्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही सुरू केले. त्यावर कंपन्यांची हमी आणि सुट्या भागांची माहिती एकत्र देण्याचा हेतू आहे.

आमच्या दुकानात काय बदलले तेही सांगतो. भरजरी आणि गडद काठाच्या प्रत्येक लॉटमधली एक चिंधी आम्ही आता स्वतः धुऊन पाहतो आणि तारीख घालून वहीत टाचतो. रंग उतरलेला माल परत आला की आधी ती चिंधी काढतो. चूक मालाची निघाली तर बदलून देतो आणि पेढीशी आमचे आम्ही पाहतो. यात वर्षाला काही हजार जातात, आणि दोनदा लोकांनी आम्हाला फसवलेही आहे. निंबुतचे ते गृहस्थ अजून दुकानात आलेले नाहीत. कारखान्याच्या रस्त्यावर भेटले की सलाम-नमस्कार होतो, तेवढेच.

मिस्त्रींची काळजी मात्र वाटते. त्यांचा मुलगा मोबाइलच्या धंद्यात गेला. जुन्या सेटची सर्किटे त्यांच्याकडे पेटीभर आहेत, पण ती वाचणारा शागीर्द नाही. कुणा बांधवाचा मुलगा हातात सोल्डरिंगची इस्त्री धरणारा असेल तर अशा उस्तादाजवळ त्याला वर्षभर तरी बसवावे. महागडे सेट बाळगणारे लोक पैसे द्यायला तयार आहेत, कारागीर मिळत नाही अशी स्थिती आहे.

गेल्या खेपेला त्यांनी आमची मशीन उघडून पाहिली. मोठे दोन कंडेन्सर आता वयस्कर झाले आहेत, म्हणाले, फुगण्याआधी बदलू. गळीत सुरू होऊन बाजारात गर्दी वाढण्यापूर्वी घेऊन या. दुकानाच्या डायरीत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तशी नोंद केली आहे. या वेळी मशीन खोक्यातून जाईल, सुताराकडून मापाचा करून घेतला आहे.