इन्फ्रारेड : प्रकाश एक, भाषा वेगळ्या

टीव्हीचा रिमोट आणि जुन्या मोबाईलचा इन्फ्रारेड पोर्ट, दोन्हींत एलईडीच. मग दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत? कारण प्रकाश तोच असला तरी भाषा वेगळी. रिमोट साधारण ३८ किलोहर्ट्झवर हुकूम सोडतो, उत्तराची वाट बघत नाही.

दुतर्फा बोलण्यासाठी १९९३ मध्ये कंपन्यांनी इन्फ्रारेड डेटा असोसिएशन, म्हणजे आयआरडीए, स्थापन केली. नियम सोपे : अंतर १ मीटर, तोंड समोरासमोर. शून्यासाठी प्रकाशाचा ठोका, एकासाठी अंधार. ठोका बिटच्या वेळेच्या ३/१६ इतकाच, म्हणून बॅटरी वाचते. ओळख सेकंदाला ९६०० बिटने, मग दोघांना झेपेल तो वेग ठरतो.

ब्लूटूथ आलं आणि मोबाईलमधून हा पोर्ट गेला. पण फाईल पाठवायची ओबेक्स पद्धत ब्लूटूथने आयआरडीएकडूनच घेतली!

इन्फ्रारेड अजून बघायचं असेल तर जालन्याच्या स्टील कारखान्यांचे वीजमीटर बघा. त्यांच्या ऑप्टिकल पोर्टसाठी आयईसी ६२०५६-२१ हे वेगळं स्टँडर्ड आहे. प्रोब चुंबकाने चिकटतो. ओळख ३०० बॉडने होते, मीटर आपला वेग सांगतो, मग दोघं त्या वेगाने बोलतात. मध्ये तांब्याची तार नाही, त्यामुळे मीटरमधला व्होल्टेज रीडरपर्यंत पोचत नाही. स्टीलच्या धंद्यात विजेचं बिल हा मोठा खर्च, तिथे हाताने आकडा लिहिताना झालेली चूक परवडत नाही.

तेव्हा प्रोजेक्टला एलईडी आणण्याआधी समोरचं यंत्र कोणती भाषा बोलतं, ते डेटाशीटमध्ये वाचा.