जुनी हायड्रोजन मोटार घेण्याआधी

कॅलिफोर्नियात टोयोटाची जुनी मिराई निम्म्याहून कमी किमतीत दिसते. बे एरियात नव्याने आलेली आपली बरीच मंडळी तिथेच थांबतात. माझा आग्रह एवढाच, की आधी इंधनाचा हिशेब करा, मग किंमत बघा.

टाकीत 5.6 किलो हायड्रोजन मावतो आणि नव्या पिढीच्या मिराईची कागदावरची मजल 402 मैलांची. म्हणजे किलोला सुमारे 72 मैल. सगळ्यात मोठ्या पंपसाखळीने 2023 मध्ये किलोचा दर 36 डॉलरवर नेला. टाकी भरायला 200 डॉलर, मैलाला 50 सेंट. वर्षाला 12,000 मैल चालवणाऱ्या घराचे नुसते इंधनाचे 6,000 डॉलर झाले. गॅलनला 50 मैल देणारी हायब्रिड, पेट्रोल 5 डॉलर धरले तरी, तेवढेच अंतर 1,200 डॉलरमध्ये कापते. स्वस्तात घेतलेल्या गाडीचा फायदा दोन-तीन वर्षांत पंपावर संपतो.

मग सरकारची मदत कुठे गेली? ती होती, आणि थोडीथोडकी नव्हती. 2013 च्या कायद्याने राज्याने किमान 100 पंप उभे राहीपर्यंत वर्षाला 2 कोटी डॉलरपर्यंत रक्कम राखून ठेवली. नवी गाडी घेणाऱ्याला 4,500 डॉलरचा परतावा मिळे, कमी उत्पन्न असेल तर त्याहून जास्त. ती योजना नोव्हेंबर 2023 मध्ये बंद झाली. इंधनाच्या दराला मात्र आधार होता तो पंपवाले विकत असलेल्या कार्बन क्रेडिटचा. या क्रेडिटचा बाजारभाव 2020 मध्ये 200 डॉलरच्या आसपास होता, 2023 मध्ये 80 च्याही खाली घसरला. पंपवाल्यांची ती मिळकत आटली आणि तुटीचा भार ग्राहकाच्या बिलावर आला. पंप बांधायला अनुदान मिळाले म्हणून त्यावरचा दर स्वस्त राहील, असे धरून चालू नका.

नवी मिराई घेणाऱ्याला कंपनी 15,000 डॉलरपर्यंतचे इंधनकार्ड देत आली आहे. जुन्या गाडीबरोबर ते मिळते का, किती शिल्लक आहे, मुदत कधी संपते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

दुसरी गोष्ट पंपाची. शेलने फेब्रुवारी 2024 मध्ये राज्यातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद केले. घरी विजेवरची गाडी रात्रभर चार्जिंगला लावता येते, तशी सोय इथे नाही. म्हणून घर आणि ऑफिसच्या वाटेवर दोन वेगवेगळे पंप असतील तरच पुढे जा. कोणता पंप चालू आहे ते दाखवणारा थेट नकाशा आठवडाभर, रोज वेगवेगळ्या वेळी बघा. लॉस एंजलिसला गाडीने जायचे असेल, तर वाटेत कोलिंगाजवळचा पंप बंद पडल्यास काय करणार, तेही ठरवून ठेवा.

टाकीवर छापलेली तारीख वाचायला विसरू नका. साधारण 15 वर्षांची मुदत असते. ती उलटली की गाडीत हायड्रोजन भरता येत नाही. 2016 ची गाडी आज घेतलीत, तर त्यातली किती वर्षे उरली ते मोजा.

महाराष्ट्राच्या 2023 च्या हरित हायड्रोजन धोरणातही पहिल्या 500 फ्युएल सेल प्रवासी वाहनांना 30 टक्के, कमाल 60 लाख रुपये, आणि पहिल्या 20 पंपांना कमाल साडेचार कोटींचे भांडवली अनुदान आहे. तिथेही अनुदानाच्या आकड्यावर न थांबता, बस घेऊ पाहणाऱ्या वाहतूकदाराने इंधन पुरवठादाराला पहिला प्रश्न विचारावा: पुढची पाच वर्षे किलोचा दर करारात लिहून देणार का?