बाळ पायाळू का होते?



पायांकडून जन्मलेल्या माणसाला आपण पायाळू म्हणतो. त्याची लाथ बसली की पाठीतली उसण जाते, त्याला जमिनीखालचे पाणी कळते, वीज पडते ती त्याच्यावरच, असे आपल्या मराठवाड्यात सांगत आले आहेत. पण पायाळू जन्मताना त्या बाळाच्या आणि आईच्या जिवाला किती धोका होता, हे कोणी सांगत नाही.

बाराव्या आठवड्यात बाळ जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचे असते. गर्भजलात ते कोलांट्या घेते, आईला पत्ताही नसतो. तिला हालचाल कळते ती साधारण १८ ते २० आठवड्यांत. अलीशिबेच्या उदरात बाळाने उडी मारली तेव्हा तिला सहावा महिना होता, हे लूकचे म्हणणे कोणत्याही आईला पटेल. २८व्या आठवड्यात बाळ सुमारे एक किलोचे होते. तेव्हा शंभरातील वीस-पंचवीस बाळांचे डोके वरच असते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पुढे जागा अपुरी पडू लागते. गर्भाशय वर रुंद, खाली निमुळते; दुमडलेले पाय आणि कुल्ले वर मावतात, म्हणून डोके खाली येते. दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच बाळे उलटी उरतात.

ती का उरतात? कधी जुळे असते, कधी गर्भजल फार कमी किंवा फार जास्त, कधी वार खाली असते, कधी गर्भाशयाची ठेवणच वेगळी. पुष्कळदा कारण सापडत नाही. ग्रहणात आईने काय चिरले याचा आणि सुनेच्या पायगुणाचा येथे काडीचाही संबंध नाही.

बाळाचा सर्वांत मोठा भाग डोके. ते आधी आले की मागचे अंग सहज येते. पाय आधी आले तर डोके शेवटी अडकू शकते, नाळ दाबली जाते आणि बाळाचा प्राणवायू तुटतो. तेथे मिनिटांचा हिशेब असतो. म्हणून असे बाळंतपण घरी नको, आणि पोट चोळून बाळ फिरवणे तर मुळीच नको. ३६-३७ आठवड्यांनंतर डॉक्टर बाहेरून हाताने बाळ फिरवून पाहतात. सुमारे निम्म्या वेळा ते जमते. पण तेही शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच.

नववा लागला की तपासणीत एकच विचारावे: डोके कुठे आहे? (मुलगा की मुलगी हे विचारू नये, १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे.) २०१६ पासून सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींची. सातवा-आठवा महिना फडात जातो आणि बाळ फिरले की नाही हे पाहणारे तेथे कोणी नसते. निघण्यापूर्वी आशाताईंना भेटा, माता-बाल संरक्षण कार्ड भरून घ्या आणि ते पेटीच्या तळाशी नव्हे, हाताशी ठेवा. टोळीच्या मुकादमालाही तारीख सांगून ठेवा. कळा सुरू झाल्या तर १०८ ला फोन करायचा, हे नवऱ्याला पाठ असू द्या.