पिशवी काढल्यावर लोह-कॅल्शियम कसं घ्यावं?

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दरवर्षी ऊसतोडीला जातो. बत्तिसाव्या वर्षी माझी पिशवी काढली. आता कंबर दुखते, हिमोग्लोबिन ९ आहे. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सकाळी चहासोबत घेते. चालेल का?
– एक भगिनी, केज, जि. बीड

उत्तर : ताई, गोळ्या चालू ठेवा, वेळा बदला. चहा आणि कॅल्शियम दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासोबत घ्या, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. शौचाला काळी झाली तर घाबरू नका. लोह-फॉलिकच्या गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात.

पाळी बंद होऊनही रक्त कमी का, हे मात्र शोधायला हवं. जंत, मूळव्याध, बी-१२ तपासून घ्या.

बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ महिलांच्या पिशव्या काढल्याचं २०१९मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं. त्यामुळे तुमचा प्रश्न एकटीचा नाही. डिस्चार्ज कार्ड काढून बघा, पिशवीसोबत अंडाशयही काढलेत का? काढले असतील तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि नुसतं कॅल्शियम पुरत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोनच्या उपचाराबद्दल विचारा.

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी दिली, तर आठवड्याला एकच. रोज घेतल्यास अपाय होतो. हिमोग्लोबिन महिन्याने पुन्हा तपासा. ८च्या खाली गेलं, धाप लागली किंवा पायावर सूज आली, तर टोळी कुठेही असो, जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.