गारपीट, मोटारगाडी आणि विमा

वर्धा शहरापासून थोड्याच अंतरावर, धाम नदीच्या काठी वसलेले पवनार हे गाव आचार्य विनोबा भावे यांच्या परंधाम आश्रमामुळे देशभर परिचित आहे. नागपूर-वर्धा मार्गावरील या गावात आश्रमाला भेट देणाऱ्यांची वाहने वर्षभर येत असतात. गावातील शिक्षक, व्यापारी व शेतकरी यांच्या दारातही आता दुचाकी, ट्रॅक्टर, मालवाहू गाडी किंवा लहान मोटार दिसते. त्यांपैकी फारच थोड्या वाहनांना पक्के छप्पर लाभते. बाकीची वाहने अंगणात, लिंबाच्या झाडाखाली किंवा रस्त्याच्या कडेला उभी असतात. फेब्रुवारी ते मे या काळात विदर्भाच्या आकाशातून गारा कोसळू लागल्या म्हणजे या उघड्यावरील वाहनांचे काय करावे, आणि नुकसान झाल्यास त्याची भरपाई कोणाकडून व कशी मिळते, याविषयी ग्रामीण भागात पुरेशी माहिती आढळत नाही.

गारपीट ही विदर्भाला नवी नाही. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे आणि वायव्येकडून येणारे कोरडे, थंड वारे यांची गाठ मध्य भारतावर पडते. तापलेल्या जमिनीवरील हवा वेगाने वर चढते आणि उंच गर्जन मेघ तयार होतात. या मेघांतील जोरदार ऊर्ध्व प्रवाहात पाण्याचे थेंब गोठतात. प्रवाह त्यांना पेलून धरतो तोपर्यंत त्यांच्यावर बर्फाचे थर चढत राहतात, आणि वजन पेलेनासे झाले की ते खाली येतात. फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा, मध्य व उत्तर महाराष्ट्र या विस्तीर्ण प्रदेशात गारपिटीने रब्बी पिकांचा व फळबागांचा जो विध्वंस केला, तो अनेकांच्या स्मरणात असेल.

वाहनाच्या पत्र्याच्या दृष्टीने गारेचा आकार निर्णायक ठरतो. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन आठपट होते. तिचा पडण्याचा वेगही वाढत असल्यामुळे आघाताची शक्ती सुमारे सोळापट होते. हरभऱ्याएवढी गार पत्र्यावर आवाज करून ओघळून जाते. लिंबाएवढी गार मात्र ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने आदळते व टपावर, बॉनेटवर पोचे पाडते. जर्मनीतील म्युनिक शहरात १२ जुलै १९८४ रोजी झालेल्या गारपिटीत सुमारे २ लाख मोटारींचे नुकसान झाले. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १४ एप्रिल १९९९ रोजी झालेल्या गारपिटीत विमा कंपन्यांना सुमारे १७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर इतकी भरपाई द्यावी लागली.

पंचनामा आणि वाहन

गारपीट झाली की गावात तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक यांच्याकडून पंचनामे सुरू होतात. शेतपिके, फळबागा, घरे, जनावरे व मनुष्यहानी यांसाठी आपत्ती निवारण निधीतून ठरलेल्या दराने मदत देण्यात येते. खाजगी मोटारगाडी मात्र या मदतीच्या यादीत नाही. टप चेचलेल्या गाडीचा मालक पंचनाम्याच्या रांगेत उभा राहतो आणि दिवस वाया घालवतो, असे होऊ नये यासाठी पंचायत सदस्यांनी ही बाब प्रथमच स्पष्ट करून सांगणे इष्ट होय. गावात अमुक दिवशी गारपीट झाली, हे सिद्ध करण्यास पंचनाम्याची प्रत उपयोगी पडते. तिचा उपयोग तेवढाच. वाहनाची भरपाई मिळते ती विम्यातून, आणि तीही योग्य प्रकारचा विमा असेल तरच.

विम्याचा कोणता कागद?

येथेच सर्वांत मोठी गफलत होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये रस्त्यावर वाहन चालविण्यासाठी जो विमा सक्तीचा आहे, तो त्रयस्थ व्यक्तीच्या हानीपुरता असतो. आपल्या वाहनाने दुसऱ्याला इजा झाली किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले, तर तो उपयोगी पडतो. स्वतःच्या गाडीवर पडलेल्या गारांशी त्याचा काही संबंध नाही. स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा हा ऐच्छिक भाग आहे. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीस सर्वसमावेशक किंवा पॅकेज पॉलिसी म्हणतात. तिच्यात आग, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, दरड कोसळणे यांच्याबरोबर गारपिटीचा स्पष्ट उल्लेख असतो.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी ३ वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी ५ वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम घेणे आवश्यक झाले. विक्रेते बहुधा त्यासोबत स्वतःच्या नुकसानीचा विमा केवळ पहिल्या वर्षापुरता देतात. मालकाच्या हाती ३ वर्षांचा कागद असतो आणि तो निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षापासून त्याच्या गाडीला गारपिटीचे संरक्षण उरलेले नसते. सप्टेंबर २०१९ पासून स्वतःच्या नुकसानीचा विमा स्वतंत्रपणेही घेता येतो. तेव्हा पॉलिसी उघडून तिच्यावरील दोन वेगवेगळ्या मुदती वाचून पाहणे, हे माघ महिना संपण्यापूर्वी करावयाचे काम आहे. आभाळ भरून आल्यावर घेतलेला विमा कामास येत नाही. खंडित झालेली पॉलिसी पुन्हा सुरू करताना कंपनी गाडीची पाहणी करते, आणि त्या वेळी असलेले पोचे जुने म्हणून नोंदवून ठेवते.

गारा पडत असताना व पडल्यावर

भारतीय हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून विदर्भासाठी जिल्हावार इशारे प्रसिद्ध केले जातात. इशारा मिळताच गाडी पक्क्या छपराखाली न्यावी. ते शक्य नसेल तर जुन्या गोधड्या, रिकामी पोती किंवा कडब्याच्या पेंढ्या टपावर व काचेवर पसरून वरून ताडपत्री घट्ट बांधावी. नुसती ताडपत्री पाणी अडवते, गार अडवत नाही. मोठ्या झाडाखाली गाडी लावणे मात्र टाळावे. फांदी मोडून होणारे नुकसान गारेच्या नुकसानीपेक्षा मोठे असते, शिवाय विजेचा धोका असतो. गारा सुरू झाल्यावर गाडी झाकण्यासाठी कोणीही बाहेर धावू नये. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे गारांच्या माऱ्याने २४६ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद आहे.

वाटेत गारपिटीने गाठल्यास गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करून आतच बसावे. पुढची काच दोन काचांमध्ये चिवट पापुद्रा घालून बनविलेली असल्याने ती तडकली तरी सहसा कोसळत नाही. बाजूच्या व मागच्या बहुतेक काचा फुटल्यावर त्यांचे बारीक तुकडे होतात. म्हणून शक्य तर गाडीचे तोंड गारांच्या दिशेने ठेवावे आणि डोळे झाकून घ्यावेत.

गारा थांबल्यानंतर गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. पोचे सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसतात. भर दुपारी ते छायाचित्रात उमटत नाहीत. अंगणात साचलेल्या गारा व गाडीचा क्रमांक एकाच छायाचित्रात आल्यास उत्तम. फुटलेल्या काचेतून पाणी आत जाऊ नये म्हणून ती झाकून घ्यावी, परंतु दुरुस्तीस हात लावू नये. विमा कंपनीस त्याच दिवशी दूरध्वनीवरून कळवून दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. पाहणीपूर्वी दुरुस्त केलेल्या गाडीचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. पॉलिसी, नोंदणी पुस्तक, चालक परवाना, भरलेला दावा अर्ज आणि कारागिराचे खर्चाचे अंदाजपत्रक एवढी कागदपत्रे सामान्यतः पुरतात. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ मधील निर्देशांनुसार सर्वेक्षकाची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत दाव्यावर निर्णय अपेक्षित आहे.

दुरुस्ती

पोचे काढण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत कारागीर आतून ठोकून पत्रा सरळ करतो, वरून पुट्टी भरतो, घासतो आणि रंग देतो. दुसऱ्या रीतीत रंगाला धक्का न लावता वाकड्या सळ्यांनी आतून हळूहळू दाब देऊन, किंवा वरून चिकटपट्टी लावून ओढून पोचा उठविला जातो. रंग तडकला नसेल आणि पोचा उथळ असेल तर ही दुसरी रीत निश्चितच श्रेयस्कर आहे. कारखान्यात दिलेला मूळ रंग टिकतो, पुट्टी लागत नाही आणि पुढे गाडी विकताना किंमतही फारशी घटत नाही. मात्र तिला सरावलेला हात लागतो. असा कारागीर गावात नसल्यास वर्धा किंवा नागपूर येथे चौकशी करावी लागते. टप बदलण्याचा सल्ला कोणी दिल्यास दुसऱ्या कारागिराचेही मत घ्यावे. टप कापून नवा जोडणे हे गाडीच्या सांगाड्याशी निगडित असे मोठे काम आहे, आणि थोड्या उथळ पोच्यांसाठी ते क्वचितच आवश्यक असते.

किती मिळते, किती सुटते

संपूर्ण खर्च मिळतो अशी समजूत असते. ती बरोबर नाही. बदललेल्या भागांवर घसारा कापला जातो. प्रचलित पॉलिसीनुसार रबर, प्लॅस्टिक व नायलॉनच्या भागांवर ५० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते. पहिल्या ६ महिन्यांत धातूवर कपात नसते, चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीवर ती ३५ टक्के आणि दहा वर्षांनंतर ५० टक्के असते. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम साहित्याची धरून तिच्यावर ५० टक्के कपात होते. मजुरीवर घसारा नाही. याशिवाय १५०० घन सेंटीमीटरपर्यंतच्या मोटारीस प्रत्येक दाव्यामागे १,००० रुपये आणि त्यावरील मोटारीस २,००० रुपये मालकाला सोसावे लागतात.

समजा, साडेचार वर्षे वयाच्या लहान मोटारीचे बॉनेट ८,००० रुपये, पुढची काच ६,००० रुपये, प्लॅस्टिकचा दिवा ३,००० रुपये, रंगकाम १२,००० रुपये व मजुरी ५,००० रुपये असे ३४,००० रुपयांचे बिल झाले. बॉनेटवर २,८००, दिव्यावर १,५०० व रंगावर १,५०० अशी ५,८०० रुपयांची कपात होईल. सक्तीचे १,००० रुपये वजा जाता मालकाच्या हाती २७,२०० रुपये पडतील. जादा हप्ता देऊन घसारा माफ करणारी जोड पॉलिसी घेतली असल्यास ही कपात बहुतांशी टळते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी पूर्ण निकामी धरून हिशेब केला जातो. केवळ गारांमुळे अशी वेळ जुन्या, कमी किमतीच्या गाड्यांवरच येऊ शकते.

प्रत्येक वेळी दावा करावाच असेही नाही. दावा न केल्याबद्दल स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के अशी चढती सवलत मिळते. एक दावा केला की ती शून्यावर येते. ज्याला सध्या ३५ टक्के सवलत आहे, त्याचा पुढील पाच वर्षांत मिळून हप्त्याच्या १२० टक्के इतका तोटा होतो. मूळ हप्ता ६,००० रुपये कायम धरल्यास ही रक्कम ७,२०० रुपये भरते. चार-पाच पोच्यांची दुरुस्ती ५,००० रुपयांत होत असेल तर दावा करणे तोट्याचे ठरेल. उलट, पोचे तसेच ठेवून गाडी चालवावयाची असेल तर पुढील दाव्यात ते जुने म्हणून वगळले जातील, हे लक्षात घ्यावे.

ट्रॅक्टर, घंटागाडी व शासकीय वाहने

व्यापारी वाहनांच्या पॉलिसीत आणखी एक अट असते. दिवे, बंपर, मडगार्ड, बॉनेटचे भाग व रंगकाम यांचे नुकसान, गाडी पूर्ण निकामी झाल्याखेरीज, मूळ पॉलिसीत धरले जात नाही. त्यासाठी जादा हप्ता भरून २३ क्रमांकाचे पुष्ठांकन घ्यावे लागते. गारपिटीत नेमके हेच भाग बाधित होत असल्याने मालवाहू गाडी, शाळेची बस आणि ग्रामपंचायतीची घंटागाडी यांच्या पॉलिसीवर हा क्रमांक आहे किंवा नाही, हे नूतनीकरणाच्या वेळी पाहावे. व्यापारी उपक्रमाखेरीज अन्य कामासाठी वापरल्या जाणाऱ्या केंद्र व राज्य शासनाच्या वाहनांना सक्तीच्या विम्यातून कायद्याने सूट आहे. वाहनाचा विमा उतरविलेला नसेल तर त्याच्या दुरुस्तीचा भार त्या त्या विभागालाच उचलावा लागतो. स्थानिक संस्थांना मात्र ही सूट आपोआप मिळत नाही.

दावा नाकारला गेला किंवा रक्कम अवाजवी कमी वाटली, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा व त्याची पोच घ्यावी. एक महिन्यात उत्तर आले नाही अथवा ते समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाचीही आवश्यकता नाही. अर्जासोबत पॉलिसीची प्रत, सर्वेक्षण अहवाल, बिले, छायाचित्रे आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार जोडावा. सर्वेक्षण अहवालाची प्रत विमाधारकाने कंपनीकडून लेखी मागून घ्यावी.