सिकलसेल, दातांचा एक्स-रे आणि हाडांचे आरोग्य

भगवान बुद्धांनी आनंदांच्या मदतीने आजारी भिक्खूला स्वतः स्नान घातले, ही विनयपिटकातील कथा आपण वर्षावासात ऐकतो. रुग्णसेवेचे धम्मातील हे स्थान ध्यानी घेऊन आम्ही हा विषय समाजबांधवांपुढे मांडत आहोत.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष आहे. विदर्भातील बौद्ध समाजात, तसेच विदर्भ-खानदेशातील आदिवासी समाजात तो आढळतो. तिकडून नोकरीधंद्यासाठी घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला आलेल्या कुटुंबांनाही याची माहिती हवी. शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या रोगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचा रुग्ण दंतवैद्यकाचाच विद्यार्थी होता!

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलची विळ्यासारखी वाकलेली पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. ही तूट भरून काढण्यासाठी हाडातील मज्जा वाढते, आतली जागा व्यापते आणि हाडाचे बाहेरचे कठीण कवच पातळ होते. 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता असल्यास हाडे आणखी कमजोर होतात.

दोन्ही जबडे एकाच चित्रात दाखवणाऱ्या एक्स-रेला ओ.पी.जी. म्हणतात. त्यात तज्ज्ञ पुढील गोष्टी पाहतात :

१) खालच्या जबड्याच्या तळाचे कवच. हनुवटीजवळच्या छिद्राखाली त्याची जाडी ३ मि.मी.हून कमी असल्यास पुढील तपासणीचा विचार होतो.

२) कवचाची आतली कड गुळगुळीत आहे की झिजलेली. क्लेमेटी यांनी १९९४ साली याचे तीन वर्ग सांगितले, मात्र ते मुळात रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांसाठी होते.

३) हाडाची जाळी. सिकलसेलमध्ये ती विरळ होते. दाढांच्या मुळांमध्ये कधी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतात.

हा एक्स-रे केवळ इशारा देतो. अशा खुणा इतर आजारांतही दिसतात. हाडांची घनता डेक्सा तपासणीने कळते आणि सिकलसेलचे निदान रक्ताच्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. चाचणीनेच होते. म्हणून मुद्दाम एक्स-रे काढू नये. दातांसाठी काढलेलाच हाडांच्या दृष्टीनेही पाहून घ्यावा व जपून ठेवावा.

सिकलसेलच्या रुग्णाचा न किडलेला दातही दुखू शकतो, कारण रक्तपुरवठा अडून आतली नस मरते. अशा वेळी घाईने दात उपटू नये. आपला आजार दंतवैद्यांना आधीच सांगावा. खालचा ओठ किंवा हनुवटी अचानक बधिर झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

पण आजार सांगायलाच आपण कचरतो. मुलीचे लग्न मोडेल म्हणून कागद लपवले जातात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. लपवलेल्या कागदाची किंमत त्या बाळाला मोजावी लागते. वाहक असणे हा कोणाचा दोष नव्हे. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तेथे या रक्तदोषांवर काम चालते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, तर २०२३ साली राष्ट्रीय निर्मूलन अभियान सुरू झाले.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा मार्ग दाखवला. पत्रिकेतील गुण पाहण्याऐवजी विवाहापूर्वी रक्ताचा अहवाल पाहण्याचा निर्धार प्रत्येक विहारातून व्हावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!