एकलकोंडा कोणी केला?

नाशिकातील इंदिरानगरासारख्या वसाहतीत गावोगावची कुटुंबे शेजारी राहतात. तेथे ज्याच्या दारी कोणी येत नाही, त्यास लोक एकलकोंडा, घुम्या, माणूसघाणा म्हणतात. वाचकहो, हे तिन्ही शब्द त्याच्याच स्वभावास दोष देतात. त्याच्याकडे जाणे कोणी सोडले, हे त्यांतून कळत नाही. ते सांगणारा शब्द आपल्या खेड्यांतला आहे : वाळीत टाकणे.

कवी नारायण वामन टिळक हे माणसांचे भुकेले. वाटेत भेटलेल्यासही घरी आणीत. नाशिकजवळील जलालपूरच्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथावरून हे दिसते. अशा मनुष्याने 1895 साली बाप्तिस्मा घेताच आप्त तुटले, आणि पत्नीही सुमारे पाच वर्षे दुरावली. त्यांस माणूसघाणा कोण म्हणेल?

वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई प्रांताने 1949 साली केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली रद्द ठरविला. महाराष्ट्राचा नवा कायदा 2016 सालचा; तो 3 जुलै 2017 पासून अंमलात आहे. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. परंतु पंचांचा ठराव नसताही सारी आळी एखाद्या विधवेकडे जाणे सोडते. तेथे कायद्याचा हात क्वचितच पोहोचतो. घरभेटीस गेलेल्या उपदेशकास "ती कोणात मिसळत नाही" असे उत्तर मिळेल. तेव्हा तिला शेवटचे बोलावणे कोणाकडून व केव्हा गेले होते, हे त्याने शेजाऱ्यांस अवश्य विचारावे.